धाकट्या बाईंचा खालचा मजला

मी, या दुमजली घराची मालकीण, निवृत्त शिक्षिका, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, गुडघे सोडून बाकी सर्व ठिकाणावर असलेली, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि माणसांचे काय करावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायची कोणाची छाती नाही. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले होते. मी दोनावर जाऊन थांबले, कंटाळले ते. याआधी मी लिहिलेली सगळी मृत्युपत्रे फाडून टाकावीत.

कलम १. मी गेल्यावर हा कागद वकिलांनी खालच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. एकही शब्द गाळू नये. पुतण्याला पहिल्या रांगेत बसवावे, मागे बसला की तो झोपतो. शेजारी वहिनी. शाळेच्या सध्याच्या मुख्याध्यापिकांनाही बोलवावे. धाकट्या बाईंची खुर्ची सर्वांत मागे, भिंतीला लागून ठेवावी. त्यांना तिथेच उभे राहायची सवय होती, आता बसू द्यावे.

कलम २. माझ्या खोलीतला उभा आरसा वहिनींना द्यावा. माझे लग्न जमत नव्हते तेव्हा ‘आधी आरशात बघा’ असा सल्ला त्यांनी मला चार पाहुण्यांत दिला होता. मी बघितले. आता त्यांनी बघावे. बँकेतली शिल्लक शाळेच्या ग्रंथालयाला. ती आपल्याला मिळेल असे पुतण्याला वाटत होते, पण वाटण्यावर माझा ताबा नाही. वरचा मजला मात्र त्याचा, कारण रक्ताचे नाते तोडायला वकील जास्त पाने लावतात. ज्याची विल्हेवाट या कागदात लागणार नाही, तेही त्याचेच.

कलम ३. फळ्यावर दाखवायची काठी, पितळी घंटा आणि साहित्याचे कपाट शाळेतल्या नव्या जोड्यांना द्यावे. हे वहिनींना कळणार नाही, म्हणून सांगते. एका वर्गात दोन शिक्षिका, ही पद्धत आमच्या शाळेत माझ्यापासून सुरू झाली. मला जोडीला दिल्या त्या धाकट्या बाई. हे नाव मुलांनी ठेवले. मी मोठ्या बाई. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणत. राहिल्या, कारण नियम मी केले.

शनिवारी दुपारी दोघींनी बसून पुढच्या आठवड्याचे धडे ठरवायचे. वर्गात एकीने फळ्याशी बोलायचे, दुसरीने मागे उभे राहून बघायचे, कारण बोलणाऱ्या माणसाला वर्ग दिसत नाही. मुलांसमोर एकमेकींना खोडायचे नाही. पुढची चुकत असेल तर मागचीने चष्मा काढायचा. तो दिसला की पुढचीने वाक्य तिथेच थांबवायचे, मुलांना काहीतरी लिहायला द्यायचे आणि मागे जाऊन हळूच विचारायचे. प्रगतिपत्रके मी लिहायची आणि खाली सह्या दोघींच्या. त्यांनी ती वाचत बसायचे नाही, वाचली म्हणजे शंका घेतली.

लांबलांबचे शिक्षक आमचा वर्ग बघायला येत. नव्या जोड्यांना मी दरवर्षी भाषण देत असे, की जोडी म्हणजे चार डोळे आणि एक तोंड. तोंड कोणाचे, ते कोणी विचारले नाही.

कलम ४. चिमणी या नावाने ओळखली जाणारी माझी विद्यार्थिनी आता म्हणे मोठ्या पदावर आहे. तिला काहीही देऊ नये. तिला त्या दिवशी जे मिळाले तेच पुरे, शून्य.

त्या दिवशी गणिताची चाचणी होती. भिंत बांधायला किती गवंडी लागतील, असा प्रश्न. चिमणीने उत्तर लिहिले, साडेतीन गवंडी. शेजारच्या मुलानेही साडेतीनच. अर्धा गवंडी दोन डोक्यांत एकाच वेळी उगवत नाही. मुलाचा वर्गात पहिला नंबर, चिमणी अगदीच ढ. मी तिला उभे केले, चोर म्हणाले आणि तिचा पेपर सर्वांसमोर फाडला. तेव्हा धाकट्या बाई भिंत सोडून पुढे आल्या. खूण नाही, काही नाही. भरल्या वर्गात म्हणाल्या, “बाई, तिने नाही बघितलं. त्याने तिचं बघितलं. मी मागेच उभी होते.”

मुलाने रडत कबूल केले. दहा वर्षांचे मूल रडताना काहीही कबूल करते. पण मी तोंडघशी पडले ती पडलेच. आणि त्यापेक्षा वाईट पुढे झाले. दुसऱ्या दिवसापासून मी काहीही सांगितले, अगदी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटले तरी, मुले आधी माना वळवून मागे बघत. धाकट्या बाईंचा चेहरा बघून मगच लिहून घेत. हे मी कोणाला बोलले नाही, इथे लिहिते. ते मला सहन झाले नाही, आजही होत नाही. त्यांनी चष्मा काढला असता तर मी थांबले असते. एवढेच माझे म्हणणे आहे.

जोडी मोडली नाही. जोडीचे नाव माझ्यापेक्षा मोठे झाले होते. निवृत्त होईपर्यंत आम्ही त्याच वर्गात शिकवले, आदर्श जोडीचे मानपत्रही घेतले. बोलणे मुलांमार्फत होई, ‘बाईंना सांगा, खडू संपला.’ मुलांना वाटे, हाही एक नियमच आहे.

कलम ५. खालच्या मजल्यावर धाकट्या बाई राहतात. त्यांच्या भावाने त्यांना घराबाहेर काढले तेव्हा मीच त्यांना बोलावले होते. ही गोष्ट साडेतीन गवंड्यांच्या आधीची. माझे गुडघे गेल्यापासून दोन्ही वेळचे ताट त्याच वर आणतात, दाराशी ठेवतात, दोनदा टकटक करतात आणि जिना उतरतात. भाजीला मीठ कमी असते. त्यांना दुसरे घर नाही, माणूस नाही, आणि या वयात कोणी खोली भाड्याने देत नाही. म्हणून संपूर्ण खालचा मजला मी धाकट्या बाईंच्या नावे करते. हे वाचताना वकिलांनी जरा थांबावे. मागच्या खुर्चीवरच्या बाईंना डोळे पुसायला वेळ द्यावा.

कलम ६. हे कलम वकिलांना दाखवलेले नाही. त्यांनी मला बजावून सांगितले होते, “ज्यांना काही देणार असाल, त्यांना साक्षीदार करू नका. त्यांचा वाटा बाद होतो. बाकीचं मृत्युपत्र टिकतं, फक्त त्यांचं जातं.” मी म्हटले, बरे झाले सांगितलेत.

दुसरी साक्षीदार म्हणून मी धाकट्या बाईंना बोलावले आहे. कागद पुढे केला की त्या खाली सही करतील. माझ्या हातचे त्यांनी कधी वाचलेले नाही. त्या सहीनेच त्यांचा मजला पुतण्याकडे जाईल, आणि पुतण्या तो विकेल, हे तो पहिल्या रांगेत बसून नाकारणार नाही. मग सगळ्यांच्या माना मागे वळतील. भरल्या वर्गात आपल्याला खोडले की कसे वाटते, ते त्यांना त्या दिवशी कळेल. मला बघायला मिळणार नाही, एवढीच खंत आहे.

हा सगळा मजकूर माझाच आहे आणि मला मान्य आहे.

(सही) मोठ्या बाई
ठिकाण: राहते घर, वरचा मजला, जेवणाचे टेबल
दिनांक: शाळेची मोठी सुट्टी सुरू झाली तो शनिवार, दुपार

साक्षीदार पहिले, कोपऱ्यावरचे औषधवाले: बाईंनी माझ्यासमोर सही केली. मजकूर वाचलेला नाही, दुकान उघडे टाकून आलो आहे. (सही)

साक्षीदार दुसऱ्या, धाकट्या बाई: बाईंनी माझ्यासमोर सही केली. मी मात्र सहीआधी सगळे वाचले. बाईंनी दोनदा कागद परत मागितला, मी दिला नाही.

कलम चारमध्ये एक दुरुस्ती आहे. मी चष्मा काढला होता. बाईंनी तो बघितला, आमची नजरानजर झाली, मग त्यांनी मान फिरवली आणि पेपर फाडला. मी पुढे आले तेव्हा चष्मा माझ्या हातातच होता. नंतर तो चिमणीच्या बाकावर राहिला, तिनेच मला आणून दिला. तिला विचारावे. बाकीचा मजकूर बरोबर आहे. मिठाचे म्हणाल तर ते डॉक्टरांनी कमी करायला सांगितले आहे.

ही दुरुस्ती वेगळ्या कागदावर लिहिली तर कोणी वाचणार नाही. इथे लिहिली तर वकिलांना ती सर्वांसमोर वाचावीच लागेल, एकही शब्द न गाळता. या सहीने खालचा मजला जाईल, ते मला समजले आहे. पुतण्यांनी सामान हलवायला महिनाभर द्यावा, पुस्तके जड आहेत. रात्रीचे ताट नेहमीच्या वेळी वर येईल.

सही करताना चष्मा काढून टेबलावर ठेवला आहे, म्हणून अक्षर वाकडे आले आहे. बाई समोरच बसल्या आहेत.

(सही) धाकट्या बाई