गॅरेजात थ्री फेज

श्रीगोंदा, ९ जून २०२४

चि. सत्यशीला हीस अंगददादाचे अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी तुझ्या मनकर्णावहिनीशेजारीच बसलो हुतो. तू दादा, दादा करतेस आणि मी इकडं नुसती मान हलवतो. ऑपरेशनला चार महिने झाले. घशातली आवाजाची पेटी गेली ती गेलीच. मानेवरच्या भोकातून श्वास घ्यायची सवय झाली, पण फोनवर गप्प बसायची काही होत न्हाई. मोबाईलवर लिहायला माझी बोटं जाड पडतात. म्हणून पत्र.

बातमी लई मोठी हाय. कंपनीनं निरोपाला शाल दिली आणि सत्तावीस वर्षं मी ज्याच्यावर लोखंड कातलं तो लेथ पण दिला. मोडीतच निघणार हुता. नगरहून टेम्पोनं आला. जीप विकल्यापासून आपलं गॅरेज रिकामंच हुतं, तिथं बसवलाय. कारखाने सुरू व्हायच्या आत मला तिथं वर्कशॉप उभं करायचंय. उसाच्या ट्रॉल्यांच्या पिना आणि बुश करून देईन. मोडकी पिन पुढं ठेवली की काम कळतं, बोलावं लागत न्हाई.

तू आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घेतेस, तर मला वायरिंगचा नकाशा काढून दे. लेथ दोन हॉर्सपॉवर, ड्रिल एक, ग्राइंडर अर्धा, शिवाय वेल्डिंग. लहानपणी माझी सायकल पळवायचीस, तिचं भाडं समज.

भावजींना नमस्कार. दादाची आठवण असू दे.

तुझा,
अंगददादा

राहाता, १७ जून २०२४

ती. स्व. दादास, शीलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गातच वाचलं. मुलींनी विचारलं, बाई का हसताय. म्हटलं, आमच्या दादाला थ्री फेज हवंय.

नकाशा सोबत आहे. मीटरपासून मेन स्विच, मग प्रत्येक मशीनला वेगळी लाईन. वेल्डिंग कशातही जोडायचं नाही. दिव्यांची लाईन निराळी ठेव, म्हणजे मशीननं ट्रिप मारली तरी लोखंड धरून फिरणाऱ्या चकसमोर तू अंधारात राहणार नाहीस. ट्यूबच्या उजेडात फिरता चक कधीकधी थांबल्यासारखा दिसतो, म्हणून लेथवर साधा पिवळा बल्ब लाव. अर्थिंगचे खड्डे दोन, कोळसा आणि मीठ भरून.

आता नीट वाच. तुला ओरडता येत नाही. मशीन बंद करायचं लाल बटण दोन ठिकाणी हवं, एक हाताशी, एक गुडघ्याशी. आणि गॅरेजातून स्वयंपाकघरात वाजणारी घंटी. ती सगळ्यात आधी लाव. मशीन नंतर.

आणखी एक. त्या भोकावाटे ग्राइंडरची धूळ, वेल्डिंगचा धूर थेट छातीत जाणार. नाकाची चाळणी आता तुला नाही. डॉक्टरांना विचारून मला कळव, त्याशिवाय एकही वायर ओढायची नाही. वहिनींना नमस्कार. रागावलास तरी चालेल, पण अंतर देऊ नकोस.

तुझी,
शीला

श्रीगोंदा, ६ जुलै २०२४

चि. शीलास अनेक आशीर्वाद.

नकाशा दारामागं चिकटवलाय. येणारा-जाणारा बघतो आणि मी बोट फिरवून सगळी लाईन दाखवतो. अर्थिंगचे दोन्ही खड्डे खणून झाले. भिंतीवर पाईप बसले. थ्री फेजच्या मीटरचा अर्ज दिलाय.

डॉक्टरांना विचारलं. ते काही वाईट बोलले न्हाईत. तू उगी जीव टांगणीला लावू नकोस. घंटी शेवटी लावू, तिला काय वेळ लागतोय. मीटर यायच्या आत लेथच्या टूलांना धार करून ठेवावी म्हणतो.

दिवाळीच्या सुट्टीत ये. पहिली पिन तुझ्यासमोर काढीन. लोभ हाय तसाच ठेव.

अंगददादा

श्रीगोंदा, ११ ऑगस्ट २०२४

सौ. शीलाताई यांना मनकर्णेचा नमस्कार.

फोनवर मला रडू येतं, म्हनून लिहिते. ह्यांना नगरच्या दवाखान्यात धा दिवस ठेवलं हुतं. काल घरी आनलं.

मीटर आलं न्हाई म्हनून ह्यांनी घरातल्या प्लगातनं वायर नेली आन ग्राइंडर लावला. मी मागं धुनं धूत हुते. ग्राइंडर थांबंचना. आता बास करा म्हनून सांगाया गेले, तर हे खाली पडल्याले. मानेवरचा रुमाल सरकला हुता, भोक काळ्या चिकट्यानं बुजलं हुतं. डोळे उघडे हुते ताई. किती येळ तसे हुते कुनाला ठावं. त्यांनी हाक तरी कशी मारावी?

डॉक्टर म्हनले की धुळीच्या, धुराच्या जवळ जनमभर जायचं न्हाई. मी म्हनले, आमी तर इचारलं हुतं तुमाला. ते म्हनले, कुनीच इचारलं न्हाई. हे भिताडाकडं तोंड करून पडले.

लेथ न्यायला एजंट येनार हाय. ह्यांनीच पाटीवर लिहून दिलं, देऊन टाक. तुमी लगेच येऊ नका, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटतीया. आमच्यावर जीव असू द्या.

तुमची,
मनकर्णा

राहाता, १८ ऑगस्ट २०२४

ती. स्व. दादास, सा. न. वि. वि.

वहिनींचं पत्र मिळालं. तू माझ्याशी खोटं बोललास म्हणून मी रागावलेले नाही. मला ते खोटं आहे हे कळलं होतं. तरी मी गप्प राहिले, कारण तुझ्या पत्रात कितीतरी दिवसांनी तू होतास. एक फोन डॉक्टरांना केला असता तर झालं असतं. मी केला नाही. हे मला कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुलाच लिहिते.

दोन ओळी तरी पाठव.

शीला

श्रीगोंदा, २० ऑक्टोबर २०२४

चि. शीलास आशीर्वाद.

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही नव्हतं. तू फोन केला असतास तरी मी ऐकलं नसतं, तेवढं मनातून काढून टाक. गॅरेजात मनकर्णा आता गवऱ्या ठेवते.

काल तिच्याबरोबर काष्टीच्या बाजाराला गेल्तो. ती शेळ्या बघत हुती. रस्त्याकडच्या दुकानातून लेथचा आवाज आला आणि मी उभा राहिलो. माझाच. रंग निळा मारलाय, पण आवाज कसा बदलणार? धुळीला भिऊन रुमाल घट्ट धरला आणि दारातच थांबलो.

चालवणारा चाळिशीचा माणूस हुता. कापायचं टूल सेंटरच्या खाली बसवलेलं. लोखंड कापत नव्हतं, खरवडत हुतं. मी बोट वर करून खूण केली, जरा वर घे. त्यानं बघितलं. परत केली. त्यानं मशीन बंद केलं, हात पुसले. मला वाटलं, कळलं ह्याला.

तो आत गेला आणि माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आला. बसायला स्टूल पण दिलं. माणूस चांगला हाय. मी पाणी प्यालो, हात जोडले आणि एस.टी.कडं निघालो. मागं मशीन परत सुरू झालं, तसंच खरवडत.

उत्तर सवडीनं लिही. माया मात्र सवडीवर ठेवू नकोस.

अंगददादा