शनिवारी आई तुझ्याकडे येते आहे

केडगाव स्टेशन, ता. दौंड
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

दादा,

प्रभूमध्ये सलाम.

नेहमीच्या सवयीने 'आम्ही देवाच्या दयेने बरे आहोत' असं लिहून गेले आणि तो कागद फाडून टाकला. आम्ही बरे नाही. ब्लेसीवहिनी बरी असावी. तू तर बराच असणार, कारण आज सोमवार आहे. पाळकाचा विसाव्याचा दिवस म्हणून तुझा फोन बंद असतो, हे सगळ्या शिरूरला ठाऊक आहे. आईला जुलाब लागले होते तो दिवसही सोमवारच होता.

फोनवर तुझ्याशी बोलणं मी बंद केलं आहे. मी काही सांगायला लागले की तू मध्येच "चल, आपण प्रार्थना करू" म्हणतोस आणि मला गप्प बसावं लागतं. या कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

आधी मेळाव्याचं बोलते. ऑक्टोबरात तू मला शिरूरला महिला मेळाव्याला बोलावलंस. गौतमीने दिवसभर आईजवळ बसायचं कबूल केलं म्हणून मी येऊ शकले. गौतमी म्हणजे आमच्या गल्लीतली, सरकारी दवाखान्याची आशाताई. तिला तू दोनदा भेटलास आणि दोन्ही वेळा तिचं नाव विसरलास. तर मेळाव्यात तू मला दोनशे बायकांसमोर उभं केलंस, शाल घातलीस आणि म्हणालास, "ही माझी धाकटी बहीण एस्थर. आईला अर्धांगवायू झाल्यापासून सहा वर्षं हिने स्वतःकडे पाहिलेलं नाही. नोकरी सोडली. लग्नाचा विचार सोडला. स्वतःला विसरणं काय असतं ते हिच्याकडून शिका." मी पटकन खाली बसले, तर तू हसून म्हणालास, "बघा, किती नम्र!" बायका 'आमेन' म्हणाल्या.

दादा, मला चक्कर आली होती. साडी डागाळली होती, म्हणून मी ती शाल कमरेला गुंडाळली. घरी येईपर्यंत सोडली नाही.

मागच्या मार्चपासून माझं अंगावर जातंय. महिन्यातले वीस-वीस दिवस. हे भावाला लिहायचं नसतं, असं मी इतकी वर्षं समजत आले. आता लिहिते आहे. गौतमीने माझ्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि म्हणाली, "आक्का, तुमच्या अंगात रगातच न्हाई. म्हातारीच्या आधी तुम्ही जाताल." तिने मला ओढून दौंडला नेलं. हिमोग्लोबिन सहा. गर्भाशयात गाठी आहेत, आधी रक्त चढवायचं आणि मग ऑपरेशन, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला होता. तू काय म्हणालास ते आठवतं का? मला शब्दन् शब्द पाठ आहे. "हल्ली स्वतःची काळजी घ्या, स्वतःला वेळ द्या, असं एक खूळ निघालंय. सैतान फार गोड भाषेत बोलतो, एस्थर. तीन दिवस उपास कर, प्रभू मार्ग दाखवील."

आणि मी केला. अंगात रक्त नसलेल्या बाईने तीन दिवस उपास केला, कारण सांगणारा पाळक होता आणि वर थोरला भाऊ होता.

तिसरा दिवस मंगळवार होता.

आता आईच्या गालाविषयी. त्या शुक्रवारी तू आलास, चहा घेतलास, आईच्या डोक्यावर हात ठेवलास आणि विचारलंस, "हे काळंनिळं कशाने?" मी म्हणाले, "पलंगाची कड लागली." तू "जपत जा" म्हणालास आणि घड्याळ पाहिलंस. पलंगाला कड आहे कुठे? गोल पाइपचा पलंग आहे तो. तू स्वतः दौंडहून आणलास. तुला खरंच दिसलं नाही, की आणखी विचारलं असतंस तर काहीतरी करावं लागलं असतं?

मी मारलं तिला.

दुपारचे दोन वाजले असतील. सकाळपासून तिसऱ्यांदा चादर बदलली होती. पेज भरवत होते, ती तिने थुंकली. माझ्या तोंडावर आली. चमचा खाली ठेवला, हे मला स्पष्ट आठवतं. म्हणजे रागाच्या भरात हात गेला असं मला म्हणता येत नाही. चमचा ठेवला, मग मारलं. जोरात. तिच्या तोंडाची डावी बाजू हलत नाही, तिथेच मारलं.

ती रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. तिला आता सात-आठच शब्द बोलता येतात, ते तुला माहीत आहे. तिने उजव्या हाताने माझी बाही धरली आणि म्हणाली, "एस्तू, झोप."

मी तिथेच, पलंगाखाली फरशीवर झोपले. पाच वाजता गौतमीने हलवून उठवलं. आई ओल्यात पडली होती, पण तिने एक आवाज केला नव्हता. गौतमीने आधी तिचा गाल पाहिला, मग मला. म्हणाली, "आक्का, खोटं बोलू नगा. कवा जेवला तुम्ही?" तिने भाकरी आणि पिठलं आणलं. मी खाल्लं आणि पुन्हा झोपले. आईचं सगळं तिनेच केलं.

तेव्हापासून मला बायबलातला एलिया संदेष्टा आठवतोय. दौंडच्या शाळेतली नोकरी सुटली तरी रविवारच्या शाळेत मुलांना मी त्याची गोष्ट दरवर्षी शिकवतेच, पण मला ती कळली नव्हती. तो झुडपाखाली पडून मरण मागत होता. देवाने त्याला उपदेश केला नाही, उपास सांगितला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर दिली, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर. माझ्याकडे भाकर घेऊन आलेली बाई तुझ्या मंडळीतली नव्हती, आणि तू मात्र मला उपास सांगितलास. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे तू व्यासपीठावरून इतक्यांदा सांगतोस. त्यातला 'स्वतःसारखी' हा शब्द तू सोमवारपुरता स्वतःसाठी ठेवला आहेस.

मी केलेल्या पापाला तू जबाबदार नाहीस. हात माझा होता. आईची माफी मी मागितली, देवाची रोज मागते. तुझ्याकडे मागणार नाही.

विचारत नाही, कळवते आहे. शनिवारी आई तुझ्याकडे येते आहे. रविवारी मी दौंडला दाखल होणार. नंतर तीन महिने मला उचलाउचल करायची नाही. तोवर ती तुझ्याकडेच. त्यानंतर आळीपाळीने, सहा महिने तुझ्याकडे आणि सहा महिने माझ्याकडे. वहिनीशी मी बोलले. ती एवढंच म्हणाली, "आणा ताई. पण करायचं मलाच, होय ना?" म्हणून बजावते. आईला धुणं, पुसणं, कूस बदलणं तू करायचंस. तुझी आई आहे. वहिनीच्या अंगावर टाकलंस आणि मला कळलं, तर आईच्या गालाची गोष्ट मी तुझ्याच मंडळीत साक्षीला उभी राहून सांगेन, उपासासकट.

पेज पातळ लागते. चमचा उजव्या गालाकडून द्यायचा. थुंकली तर दहा मिनिटं थांबायचं. तुझा तोल जातोय असं वाटलं तर खोलीबाहेर जा, पाणी पी, कुणाला तरी हाक मार. लाज बाळगू नकोस. मी बाळगली होती.

हे पत्र आमच्या इथले गाडीवाले बाबुलालभाई उद्या न्हावऱ्यावरून शिरूरला येतील तेव्हा तुझ्या हाती देतील. शनिवारी तेच आईला गाडीतून आणतील. त्यांची पाठ धरलेली असते, त्यांना हात लावायला सांगू नकोस. दारात थांब आणि तिला तूच उचलून आत ने. फार हलकी झाली आहे. घाबरशील.

सध्या मी तुझ्यासाठी प्रार्थना करत नाही.

अजून तरी तुझी बहीण,
एस्थर