गाडी ओढलेला दोर

धाकट्या,

‘प्रिय’ लिहायला हात वळत नाही, म्हणून गाळलंय. तब्येत कशी आहे? ठणठणीत असेलच, दुसऱ्याच्या जिवावर उठणाऱ्यांना साधं पडसंही होत नाही. तुझ्या भावजींच्या कमरेवर आणि मांड्यांवर पट्ट्याचे काळेनिळे वळ उठलेत, तेवढं सोडलं तर इकडेही सगळे मजेत.

भावजी झाडांवर चढून फांद्या उतरवतात, हे तुला ठाऊक आहे (लग्नात ‘ताई माकडाला दिली’ म्हणून तूच मिरवत होतास). त्यांचा तो दोर घ्यायला आम्ही दोरांच्या दुकानात इतक्या चकरा मारल्या की दुकानदार आम्हाला बघून आत जायला लागला. मुठीत नीट बसेल एवढाच जाड हवा, झटका गिळेल इतपत ताणला जावा, पण रबरासारखा नको. घरी आल्यावर त्याला कपाट मिळालं आणि माझे कपडे खुंटीवर आले. त्याच्यावर पाय द्यायचा नाही, त्याला दुसऱ्या कसल्याही कामाला लावायचं नाही. आणि तू, मी घरात नसताना, ‘जरा नेतो’ म्हणून नेलास! भावजींना भीड पडली. भीड कसली, खुळेपणाच तो.

परत आणलास तेव्हाच मला कळायला हवं होतं. जन्मात स्वतःचा रुमाल न धुतलेला माणूस दोर धुऊन, सुवासिक पावडर घालून, सुरेख गुंडाळी करून आणतो! एरवी हे चढण्याआधी सगळा दोर वीतवीत बोटांतून सोडून बघतात. त्या दिवशी तुझी गुंडाळी पाहून ‘बघ, तुझा भाऊ सुधारला’ म्हणाले आणि न तपासताच कमरेच्या पट्ट्याला त्याची गाठ मारली.

दोर वरच्या बेचक्यातून जातो. एक टोक यांच्या कमरेला, दुसरं बुंध्याला वळसा देऊन खाली माझ्या हातात. पायाखालची फांदी मोडली आणि हे सुटले. दोराने धरलं खरं, पण झटक्यासरशी त्याची साल फाटली आणि आतले पांढरे धागे दिसायला लागले. त्या धाग्यांवर माझा नवरा लोंबकळत होता. एका जाड फांदीवर यांचे पाय टेकेपर्यंत मी खालचं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

संध्याकाळी तुझ्या बायकोने कौतुकाने फोन केला, ‘काय मजबूत दोर हो तुमचा, खड्ड्यातली गाडी एका हिसक्यात बाहेर!’ मग तुला विचारलं, तर तू म्हणतोस, ‘ताई, गाडी पेलली, तर भावजी पेलणार नाहीत? मी तर उलट तपासून दिला.’ अरे शहाण्या, असा हिसका बसलेला दोर आतून तुटतो आणि वरून नवा दिसतो. गाडीबरोबर अक्कलही खड्ड्यात गेली होती, ती तेवढी बाहेर काढायची राहिली.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
ताई

ता. क. दोराचे तुकडे केले, नाहीतर चुकून पुन्हा कुणी चढायचं. एक सोबत पाठवलाय. त्यावर कपडे वाळत घाल.

ता. क. २. हे म्हणतात, ‘जाऊ दे, त्याला काय माहीत.’ मी जाऊ देणार नाही.

ता. क. ३. नवा दोर आणलाय. राहिलेलं झाड रविवारी उतरवायचंय. त्या दिवसापासून दोर हातात घेतला की माझे हात कापतात. यांना सांगितलेलं नाही, सांगूही नकोस. खालचं टोक धरायला तू ये, ‘मलाच शिकायचंय’ म्हण. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला मन घेत नाही.

आणि बसने ये.