पुढच्याने मागे बघायचं नाही

बाबा, तुमच्या टी-शर्टला सुकटीचा वास यायचा. मे महिन्यातल्या रविवारी सायकलवरून परत आलो की आई तो शर्ट दोन बोटांत धरून मोरीत नेऊन टाकायची, आणि तुम्ही पाठीवरच्या पिशवीतून सुकटीचा पुडा काढून ओट्यावर ठेवायचात. करंजाच्या काकांनी दिली, पिशवीत होती म्हणून शर्टाला वास लागला, असं तुमचं ठरलेलं उत्तर. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. तुमच्या ग्रुपात पंधरा माणसं, कोणी बँकेतलं, कोणी शाळेतलं, तुम्ही पोस्टातले, आणि करंजा बंदरावरचे काका मासळीवाले. त्यांच्या भावाचा टेम्पो पाणी आणि केळी घेऊन आपल्या मागून यायचा. तो कितीही धुतला तरी वास काही जायचा नाही, आणि त्यावरून सगळे काकांना चिडवायचे.

तुमचे नियम मला अजून पाठ आहेत. पहाटे साडेपाचला निघायचं, पळस्प्याला चहा, तिथून गोव्याच्या रस्त्याला लागून कर्नाळ्याची खिंड चढायची, पेणला नाश्ता. सर्वांत पुढे एक, सर्वांत मागे एक, बाकीचे मध्ये. मागचे कायम तुम्ही, पंक्चरचं सामान आणि पंप घेऊन. आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही मला पुढे नेमलंत. माझ्या हँडलचा छोटा गोल आरसा तुम्ही स्वतः पान्याने काढलात आणि म्हणालात, "पुढच्याला याचं काम नाही. पुढच्याने मागे बघायचं नाही, मागचं मी बघतो." पहिल्याच रविवारी मी सवयीने मान वळवली आणि सायकल रस्त्याच्या कडेच्या खडीत गेली. गुडघा फुटला. तुम्ही मागून आलात, गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. सगळ्यांसमोर म्हणालात, "मागे बघणार असशील तर घरी बस." मी रडले नाही. दोन मे महिने मी पुढे होते, आणि कॉलेजात मैत्रिणींना सांगत फिरायचे की पंधरा माणसांना रस्ता मी दाखवते. तुमची सर्वांत मोठी भेट कुठली, असं कोणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं.

परवाच्या रविवारी पळस्प्याला चहा पिताना करंजाचे काका सहज बोलून गेले. आता त्यांचे गुडघे गेलेत, ते स्वतः टेम्पोतच बसतात. कोणीतरी त्यांची टर उडवली तर हसून म्हणाले, "हसा. हिचा बापूस पन दोन वरसं याच शिटवर बसला. खिंडीच्या आधी चढायचा, पेनच्या अलीकडं उतरायचा." माझ्या हातातला कप तसाच राहिला. काकांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "तुला म्हाईत नाय? आमाला वाटला, आईनी सांगितला असल. आमी कोनी बोललो नाय, त्याची शपत होती." मग एकेक कळत गेलं. तुमचं हृदय कमजोर झालं होतं, डॉक्टरांनी सायकल बंद सांगितली होती. पेणच्या अलीकडे उतरून तुम्ही बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतायचात, म्हणजे घाम वाटावा. टेम्पोच्या सीटचा वास शर्टाला लागायचा, त्याला निमित्त असावं म्हणून सुकटीचा पुडासुद्धा काकाच द्यायचे.

घरी आले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. आई सुकट निवडत होती, काय योग बघा. मी विचारलं, तुला माहीत होतं? तिने हात थांबवला नाही. "तुला कळलं असतं तर तू त्यांना घरी बसवलं असतंस," म्हणाली. "आणि घरी बसून ते झुरले असते. मग म्हणाले, पोरीला पुढे घालतो, म्हणजे तिला दिसायला नको."

म्हणजे मी चांगली चालवत होते म्हणून नाही. मला दिसू नये म्हणून. बाबा, हे फार लागलं मला. पंधरा माणसांना माहीत, टेम्पोवाल्याला माहीत, आईला माहीत, आणि मी एकटी येडी पुढे मान ताठ करून. तुम्ही दिवाळीच्या आधी गेलात तेव्हा सगळे मला धीर द्यायला आले होते. त्यांना कोणालाच धक्का बसलेला नव्हता, हे आता लक्षात येतंय. धक्का फक्त माझ्या वाटणीचा ठेवला होतात. तुमच्याशी भांडायची सोयसुद्धा ठेवली नाहीत. दोन दिवस मी सायकलला हात लावला नाही. तुमची पंक्चरची पेटी काढली, त्यात तळाशी माझा आरसा सापडला, तुमच्या रुमालात गुंडाळलेला. तो परत पेटीत टाकला. बघवेना.

पोस्टात उभा जन्म काढलेल्या माणसाला बिनपत्त्याचं पत्र लिहितेय, तुम्ही असतात तर हसला असतात. ते जाणार कुठेच नाही, त्याच पेटीत राहील. म्हणूनच एक लिहून टाकते, जे आईलाही सांगितलं नाही आणि काकांना तर नाहीच.

शेवटच्या मे महिन्यात खिंडीत मी मागे बघितलं होतं. एकदाच, वळणावर. तुमची सायकल टेम्पोच्या हौद्यात उभी होती आणि तुम्ही पुढच्या सीटवर डोकं टेकून डोळे मिटून बसला होतात. पंक्चर असेल, असं मी मनाशी म्हटलं. पंक्चर तुम्ही रस्त्याच्या कडेलाच दहा मिनिटांत काढायचात, त्यासाठी टेम्पो लागायचा नाही, हे मला माहीत होतं. पण विचारलं असतं तर सगळं थांबलं असतं, आणि मला पुढे राहायचं होतं. मी पेडल मारलं. पेणला तुम्ही ओल्या केसांनी सर्वांत शेवटी आलात, आणि तुम्ही काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "बाबा, आज एकदाही मागे बघितलं नाही." तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि शाबास म्हणालात.