देवाच्या नावाने सोडलेला बोकड

मी, बिरू धनाजी शेंडगे, वय ७१, धंदा शेळीपालन, राहणार धनगरवस्ती, ईट शिवार, ता. भूम, जि. धाराशिव, माझ्या हाताने लिहून ठेवतो, की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. दारू मी जन्मात घेतली नाही, त्यामुळे खाली जे लिहिले आहे त्याचा दोष नशेवरही टाकता येत नाही.

१) दोन एकर माळ व पत्र्याचे घर मुलगा शिवराज याला द्यावे. विहिरीकडचा तुकडा त्याने विकू नये. तिथे त्याच्या आईला माती दिली आहे.

२) मेहुणा रणधीर याने नेलेले काळे घोंगडे अकरा वर्षांत परत केलेले नाही. ते त्यालाच असू द्यावे. पूर्वी यावरून मी त्याला चारचौघांत चोर म्हणालो होतो. आता कोणाला चोर म्हणायला मला तोंड उरलेले नाही.

३) माझ्या बावीस शेळ्या, दरवर्षी रक्त तपासलेल्या, धुरपताबाई यांना द्याव्यात. त्या पूर्वी आमच्या शेजारी राहत, आता शेजारच्या तालुक्यात वाशीला लेक सोनालीकडे असतात. शिवराजला हे पटणार नाही, म्हणून कारण लिहितो.

२०१७ साली माझा सुलतान नावाचा बोकड प्रदर्शनात पहिला आला. चार गावचे लोक आपल्या शेळ्या त्याच्याकडे फळवायला आणायचे आणि मी मिशीला पीळ देत बसायचो. पुढे त्याचे एक अंड सुजले. डॉक्टरांनी रक्त नेले व कागद दिला. हा रोग लागला की शेळ्या गाभ टाकतात, तो माणसालाही होतो, बोकड ठेवू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तो कागद मी ट्रंकेत घातला.

सुलतानला मारायला माझा हात धजेना. नुसता बांधून ठेवावा तर लोक विचारणार, आणि माझ्या बोकडाला रोग आहे हे मला सांगायचे नव्हते. म्हणून अमावस्येला भंडारा उधळून मी त्याला बिरोबाच्या नावाने सोडला. देवाचा बोकड कोणी अडवत नाही, मारत नाही, तो कोणाच्याही कळपात शिरला तर लोक हात जोडतात. एवढा मोलाचा बोकड देवाला दिला म्हणून लोकांनी मला फेटा बांधला. माझ्या शेळ्या मात्र मी त्या दिवसापासून दावणीला बांधून ठेवल्या. यावरून मला सगळे कळत होते हे सिद्ध होते.

धुरपताबाईंच्या एकोणीस शेळ्यांपैकी चौदांनी गाभ टाकला. मग वस्तीवरच्या इतरांच्याही शेळ्या गाभ टाकू लागल्या. अडलेली शेळी सोडवायला सगळे धुरपताबाईंनाच बोलवायचे. त्यामुळे लोक म्हणू लागले, की बाईचा हात वाईट आहे, ती शिवेल ती शेळी गाभ टाकते. देवळात बैठक बसली. मी फेटा बांधून पुढे बसलो होतो. धुरपताबाईंनी मलाच विचारले, "बिरूभाऊ, तुमी सांगा. माजा हात वाईट हाय का?"

मी म्हणालो, "देवाच्या मनात काय हाय, आपल्याला काय कळतंय."

त्या दिवसापासून त्यांना कोणी गोठ्यात येऊ दिले नाही. महिन्याभरात त्या वाशीला गेल्या.

४) तो फेटा माझ्या अंगावर घालू नये.

५) हे मृत्युपत्र माझ्या पश्चात बिरोबाच्या देवळात मोठ्याने वाचावे.

कलम ५ रद्द. त्याचे कारण असे. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले रामकिसन यांना साक्षीसाठी बोलावले होते. त्यांनी वाचून कागद परत केला आणि म्हणाले, "मेल्यावर खरं बोलायला काय लागतंय, अण्णा? आदी वाशीला जाऊन या."

मी शुक्रवारी गेलो. धुरपताबाईंनी चहा दिला. मी मान खाली घालून सगळे सांगितले. त्या शिव्या देतील असे वाटले होते, दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्या आपल्या हातांकडे बघू लागल्या.

"सोनाली बाळंत झाली तवा मी भाईर बसले," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं नातीला उचललं न्हाय. रडली तरी न्हाय. मला वाटलं, खरंच माज्या हाताला कायतरी हाय."

शेळ्यांचे बोललो तर म्हणाल्या, "शेळ्यांचं बगू. ते मृत्युपत्रात लिवलेलं तुमी देवळात वाचा. जित्ते असताना, तुमच्या तोंडानं. मी येते ऐकाया."

म्हणून नवे कलम ५: येत्या अमावस्येला, लोक जमल्यावर, हे सर्व मी स्वतः वाचीन. मला फार लाज वाटते आहे आणि भीतीही वाटते. पाय मागे घेतला तर शिवराजने मला धरून उभे करावे.

शेळ्या लिहून देता येतात. त्या पोरीची दोन वर्षे कोणत्या कलमात घालावीत हे मी रामकिसन यांना विचारले. त्यांनी पेन मागून घेतले आणि खाली सही केली.

लिहून देणार: बिरू धनाजी शेंडगे (सही)

साक्षीदार:
१) रामकिसन, निवृत्त ड्रेसर (सही. अण्णा वाशीहून आल्यावर केली.)
२) बंडप्पा, देवळाचे पुजारी (अंगठा. मजकूर वाचून दाखवला. त्या बैठकीत मीही होतो.)

स्थळ: ईट, ता. भूम
दिनांक: १४ जुलै २०२५