धाकट्याचा पहिला झुरका

बाबा, मिठागरावरून आलात की तुम्ही पडवीत टेकायचात आणि विडी धाकट्याच्या हातात द्यायचात. "जा रे, पेटवून आण." निखाऱ्याला नुसती धरून विडी पेटत नाही, झुरका घ्यावाच लागतो. तो खोकत, डोळे पुसत चुलीकडून येतो आणि तुम्ही हसता, हे मला अजून दिसतं. आई एकदा म्हणाली, "सवय लागंल पोराला." तुम्ही म्हणालात, "एका झुरक्यानं काय होतंय गो? मला काय झालं?" तुम्हाला खरंच काही झालं नाही. तुम्ही तापानं गेलात. पण आठवीत असतानाच तो तुमच्या बंडलातल्या विड्या काढायला लागला होता. तुम्ही त्याला फोकानं मारलंत, ते चोरीसाठी. ओढण्याबद्दल अवाक्षर नाही.

पुढे तो रोह्याला कंपनीत लागला, नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावात घर केलं. गेल्या वर्षी कॅन्सरनं त्याचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला भोक आहे, श्वास तिथूनच. बायकोला हाक मारायची तर टाळी वाजवतो.

परवा मी पेणहून त्याच्याकडे गेले होते. वहिनीला कपडे भिजवताना मुलाच्या खिशात सिगारेट सापडली. पोरगं अजून आठवीतच आहे. धाकटा उठला, त्याच्यासमोर उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. जोरजोरात, तळवे लाल होईपर्यंत. गळ्यातून नुसती शिट्टीसारखी हवा येत होती. पोरगं भिंतीला टेकून रडत होतं. वहिनीनं शेवटी धाकट्याचे हात धरले.

नंतर मी पोराला घेऊन पुलावर गेले. म्हटलं, "बापाची दशा बघतोस, तरी?"

"क्लासमधली पोरं पुलाखाली ओढतात, आत्या. मी नाय म्हटलं तर म्हणतात, हा घाबरला, याला पण बापासारखं भोक पडंल. मग ओढली."

मग त्यानंच विचारलं, "बाबांना कुणी शिकवली?"

"मित्रांनी," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली. त्याला ते लगेच पटलं.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहिते. खरं सांगितलं असतं तर कदाचित पोरगं थांबलं असतं. पण त्यानं तुमचा राग केलेला मला सोसला नसता, बाबा.