विकलेल्या फोनातला आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

फोन विकला! सुटले!

तेरा महिने त्या डबड्यानं जीव खाल्ला. तिखटाचं बोट लावलं की भलतंच काहीतरी उघडायचं. कानाकडची भोकं मिरचीनं बुजलेली, समोरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा. आज पाळी सुटल्यावर सरळ बाजारातल्या फोनच्या दुकानात शिरले. कंपनीशी करार चोवीस महिन्यांचा. अकरा अजून बाकी. वाटलं, हाकलून देतील. पण तो प्यो — पस्तिशीचा बाप्या, केस पिवळे केलेले! — म्हणतो, "आईसाहेब, राहिलेल्या अकरा महिन्यांचं माझ्यावर सोडा. जुना फोन तेवढा इथं ठेवून जा."

"मी तुझी आई कधी झाले रे?"

"गिऱ्हाईक म्हणजे आईच की."

"मग आईला कॉफी कुठाय?"

कॉफी आली. जुन्यातलं सगळं नव्यात घालायला पाऊण तास लागेल म्हणाला. पाऊण तास! मला हॉस्पिटलात जायचं होतं. म्हटलं, नंबर घाल, माझ्या लेकीचे, मिरानचे फोटो घाल, बाकीचं दे टाकून. जुन्याचं कुलूप काढा, खातं बंद करा, असंही काही बडबडत होता. "तुझं तू कर," म्हटलं, चार ठिकाणी सह्या ठोकल्या आणि निघाले.

ओकबुनताईला समुद्रशेवाळाचं सूप नेलं. अर्धंच प्यायली. खुब्याचं हाड मोडलंय, कूस वळता येत नाही. गेल्या महिन्याच्या एकोणतीसला, आम्ही दोघी कोबीचं तिखट लोणचं, किमची, भरतो त्या कारखान्यात पडली. कोबी खारवायच्या टाकीशी गटारावर जाळी नाही — निघून महिना झाला, बसवलीच नाही! पाय आत गेला. मी हातभर अंतरावर होते. तो आवाज अजून कानात आहे. वाळलेली फांदी मोडावी तसा.

४ नोव्हेंबर

नवा फोन झकास. दुकानातून सकाळपासून दोनदा फोन. उचलला नाही. आता विमा गळ्यात मारायचा असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

परत दोनदा. गप बस म्हणावं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत मुकादम क्वाकनं सगळ्या बायांना उभं केलं. म्हणाला, "चौदाला सरकारी कचेरीतून माणूस येतोय, ओकबुनबाईच्या पडण्याची चौकशी करायला. बाई पडल्या त्या बस थांब्यावर. पाळी सुटल्यावर. कळलं?"

 सगळ्या आपापल्या बुटांकडं बघत. किमचीचा हंगाम तोंडावर. कारखान्यात पडली असं लागलं तर तपासणी, मग दोन आठवडे काम बंद. हे सगळ्यांना कळतं. पण कामावर पडली असं लागलं नाही तर ताईला पै मिळणार नाही, हेही कळतं ना? एकसष्ट वर्षांची बाई. आता उभी राहून काम करणार आहे का ती?

मला म्हणाला, "मिरानच्या आई, आपलं बोलणं झालंय ना फोनवर?"

झालंय! ती पडली त्याच दिवशी संध्याकाळी ह्यानं फोन केला होता मला. बस थांब्यावर पडली म्हणा म्हणून. असा झाडला होता मी त्याला! मला कोण गप्प करणार? माझ्या तोंडाला तर अख्खा कारखाना भितो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

संध्याकाळी हॉस्पिटलात एक बाई बसली होती. जिन नाव. कामगारांचे दावे चालवते. केस बारीक कापलेले, पायात खेळाचे बूट. ताईनंच तिला सांगितलं होतं, मिरानच्या आईला विचारा, ती होती तिथं.

मी सगळं सांगितलं. जाळी, पाय, आवाज. जिनबाई लिहून घेत होत्या. मग पेन ठेवलं.

"आठ बाया लिहून देणार, बस थांबा. तुम्ही एकट्या म्हणणार, टाकी. पुरावा काय?"

"मी!"

"तुम्ही तिच्या मैत्रीण आहात हो."

मग क्वाकचा फोन आलेला सांगितला. कसा झाडला तेही. बाई ताठ बसल्या. "फोन कुठाय तो? तुमच्या त्या फोनात बोलणं आपोआप टिपलं जातं. चालू केलेलं असलं तर सगळंच्या सगळं!"

मला कुठलं माहीत? तिथंच मिरानला फोन लावला. म्हणते, "हो, मीच चालू करून दिलं होतं. कोण काय बोललं ते तुला आठवत नाही आणि मग माझ्याशी भांडतेस. का गं?"

का गं म्हणे!  चार दिवस झाले विकून!

 ताई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुकान उघडायच्या आधी दारात उभी.

प्यो मला बघून हात जोडायला लागला. "आईसाहेब! चार फोन केले तुम्हाला, चार! कुलूप काढायला या म्हणून. कुलूप असलेला फोन कोण घेतो?"

"माझा फोन दे."

"काल गेला. घाऊकवाल्याकडं, देजॉनला. आठवड्याचे सगळे एका पेटीत जातात."

"पुसलंस का आतलं?"

"कुलूप असताना कसा पुसणार? ते तिकडं करतात. मशीनला लावतात, दोनेक दिवसांत—"

"फोन लाव त्यांना!"

लावला. कुणी उचलेना. शनिवार ना. मग कागद पुढं केले माझ्या. सही माझीच. जुना फोन दुकानाचा झाला असं छापलंय खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. म्हणतो, परत हवा तर नवा द्यावा लागेल, जुना करार परत लागू होईल, ह्या महिन्याचा दंडही बसेल.

म्हटलं, "बसू दे. तुझा नवा फोन घाल चुलीत. मला माझं डबडं दे!"

त्यानं चिठ्ठी लिहून दिली, शिक्का मारून. माणूस वाईट नाही. जाताना म्हणतो, "आईसाहेब, तुम्ही तो पाऊण तास थांबला असता तर..."

ऐकून घेतलं. 

९ नोव्हेंबर

रविवार. सगळीकडं बंद. दिवसभर घर पुसलं. एकच खोली, तीनदा पुसली.

१० नोव्हेंबर, सोमवार

पहाटे क्वाकला सांगितलं, आज येत नाही. "रजा? ह्या दिवसांत? बारा टन कोबी दारात पडलाय, बाई!" पोट बिघडलंय म्हटलं. "परवा तर दगड पचवत होता." पचवीनही. ठेवून दिला.

नऊची बस. देजॉनला उतरून आणखी एक बस. घाऊकवाल्याचं काय, मला वाटलं मोठं दुकान असेल. गोदाम निघालं. केळ्यांच्या खोक्यांत फोन, नुसते फोन, उभे रचलेले, कौलं रचावी तसे. एक म्हातारा स्टुलावर बसून एकेक वायरीला लावत होता. लावला की पट्टी सरकायची, भरली की फोन पुसला. कोण कुठली माणसं, काय काय बोललेली, पाच मिनिटांत कोरं.

चिठ्ठी दिली. वाचायला त्यानं चष्मा शोधला. चष्मा कपाळावर! मीच ओढून नाकावर बसवला.

"तुमच्या गावची पेटी सकाळीच घेतली मी. अर्धी झाली."

अर्धी!

"कसला फोन?"

"काळा."

"बाई, हे बघा. सगळे काळे आहेत."

खाली बसले आणि एकेक उचलायला लागले. म्हातारा ओरडतोय, क्रम बिघडवू नका, क्रम बिघडवू नका. चाळिसावा असेल, नाहीतर पन्नासावा — भोकात लाल दिसलं. नखानं खरवडलं, जिभेला लावलं. मिरची! आमच्या कारखान्याची मिरची, दुसरं काय!

"हा माझा."

"उघडून दाखवा. उघडला तर तुमचा."

बॅटरी मेलेली. वायर लावली, दहा मिनिटं काळी काच. कुलपाची ठिपक्यांवरची रेघ दोनदा चुकली. म्हातारा म्हणतो, "पाचदा चुकलात तर बंद पडेल हं." त्याला म्हटलं, तोंड मिट. तिसऱ्यांदा उघडला.

मिरानला फोन करून विचारलं कुठं बघू. सांगितलं तिथं दाबलं. यादी आली. मटणवाला, मिरान, मिरान, दातांचा डॉक्टर. आणि — क्वाक. एकोणतीस ऑक्टोबर, संध्याकाळी सात चाळीस. तीन मिनिटं बारा सेकंद.

म्हाताऱ्यानं सिम कार्ड जुन्यात घालून दिलं, नवा फोन ठेवून घेतला, पावती दिली, आणि बार्लीचा चहा पाजला. "असं काय आहे त्यात? नवऱ्याचा आवाज?" म्हटलं, नवऱ्याच्या आवाजासाठी मी बस थांब्यापर्यंतही गेले नसते.

बसमध्ये कानाला लावला. मिरचीपायी काही ऐकू येईना. नुसती खरखर. घरी जाऊन इअरफोन लावून ऐकते. जिनबाईंना कळवलं, सापडलं! त्या फोनवर ओरडल्याच. ताईलाही निरोप धाडला.

सात वाजता

ऐकलं.

नंतर

चारदा ऐकलं.

मी त्याला झाडलंच नाही.

तो बोलतोय. गटाराच्या जाळीचं आम्ही बघतो, हंगाम संपला की बसवतो, तोवर बाईंना टाकीपाशी पडले म्हणू देऊ नका. सगळं आहे! त्याच्या तोंडून, स्पष्ट. हवं होतं ते सगळं.

आणि मी म्हणतेय, हो साहेब. हो. हो. अकरा वेळा. मोजले. मग म्हणतेय, "बस थांब्यावर. बरं. तसं सांगते." आवाज माझाच. पण असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लग्नाआधी सूतगिरणीत होते तेव्हा असा असेल.

आणि शेवटी — "साहेब, तेवढी माझी सकाळची पाळी बघा ना. थंडीत रात्रीची झेपत नाही." तो म्हणतो, बघू.

बघितली. गेल्या आठवड्यापासून मला सकाळचीच लागते आहे. मला वाटलं, नशीब.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कामावर गेले. कोबी कापताना बोट कापलं. क्वाक म्हणाला, पोट कसं आहे? म्हटलं, पोट बरं आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

प्योकडं गेले, नव्याचे कागद फाडायला. उगाच विचारल्यासारखं विचारलं, टिपलेल्यातला मधला एखादा तुकडा काढता येतो का रे?

"एका मिनिटात. कुठून कुठपर्यंत?"

फोन त्याच्या हातात दिला. मग परत घेतला. मग दिला. तो बघतच राहिला. "आईसाहेब, ठरवा तरी."

बाहेर येऊन जिनबाईंना फोन केला. माझं नाव न घेता विचारलं, समजा कुणी मधलं कापलं तर.  त्या म्हणाल्या, "कापलेलं धरत नाहीत. क्वाकचा वकील पहिलं तेच बघेल. अख्खं असेल तरच चालेल." मग हळूच विचारलं, "त्यात तुमचं काही आहे का?"

म्हटलं, रेंज जातेय.

ताईकडं गेलेच नाही आज. निरोप आला तिचा. सूप नको, नुसतं ये.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

क्वाक कधी काय करेल ह्याचं मला भय नाही. काम जाईल, जाऊ दे. भांडी घासेन कुणाच्या खाणावळीत. भय त्याचं नाही.

बावीस वर्षं झाली ताईला आणि मला. मिरानचा बाप गेला तेव्हा कारखान्यातली एकटी आली होती, तीन रात्री बसून राहिली. मी रडले नाही, तिनंही रड म्हटलं नाही. आठ बायांना शिव्या घातल्या मी तिच्यापुढं. बुटांकडं बघतात म्हणून! तिनं ऐकून घेतलं सगळं.

उद्या दहाला माणूस येणार. त्याच्यासमोर कळण्याआधी ताईला माझ्याकडून कळायला हवं. सकाळी आठला जाते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दहाला त्या सरकारी माणसाला अख्खं दिलं, काही न कापता. त्याआधी ताईला ऐकवलं. संपल्यावर म्हणाली, "मला ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी क्वाक इथं येऊन सांगून गेला, मिरानची आईसुद्धा बस थांबाच म्हणतेय. म्हटलं, बघू, कधी सांगतेस."